उलटी टांगलेली मोट

हे एकाच माणसाला सांगायचं होतं, आणि ते माणूस मागच्या महिन्यात गेलं. म्हणून आता तुम्हाला सांगतो. तुम्ही कोण, मला माहीत नाही. कदाचित म्हणूनच लिहायला हात उचलतो आहे. बाईसमोर बसून मला हे कधी जमलं नाही. पण जमलं नाही, असं म्हणणंसुद्धा खोटंच की. मी सांगितलं नाही.

बाई म्हणजे माझी मोठी बहीण, गंगू; मी तिचा बापू. आमच्याकडे मोठ्या बहिणीला बाई म्हणतात. आई गेल्यावर तिनं मला आपल्या सासरी आणलं, आणि नवऱ्याला राजी करून वाशीमच्या शाळेत घातलं. तिचा नवरा संपत — माझे भाऊजी. आसेगावच्या वाटेवर त्यांचा मळा. वांगी, मिरची, सांबार. बाहेरचा कुणी वाचत असेल तर सांगतो, आमच्याकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात. भाऊजींना अक्षर येत नव्हतं. मला येत होतं. सगळं तिथूनच सुरू झालं.

मी मॅट्रिकपर्यंत शिकून परत आलो आणि गावच्या शाळेत मास्तर म्हणून लागलो. सकाळची शाळा सुटली की मळ्यात जायचो. भाऊजी मोट हाकत असायचे. मोट हाकणाऱ्याला काहीतरी लागतं, कुणी गातो, कुणी बैलांना शिव्या देतो. भाऊजींना इतिहास लागायचा. मी विहिरीच्या काठावर बसायचो. बैल धावेच्या उतारावरून खाली उतरायचे, मोट वर यायची, पाणी थारोळ्याच्या दगडी हौदात पडायचं, आणि बैल मागे मागे सरत पुन्हा वर येईपर्यंत भाऊजी माझ्यापासून लांब असायचे. ते वर आले की मी पुढचा तुकडा सांगायचो. म्हणजे गोष्ट दर फेरीला तुटायची, आणि तुटायची तिथं ती रंगलेली असावी लागायची. तुम्ही कधी अशी गोष्ट सांगितली आहे? हळूहळू कळायला लागतं की कुठल्या वाक्यावर माणूस बैल जरा जोरात हाकतो. मग ती वाक्यं आपण जास्त करायला लागतो.

मी त्यांना सत्तावन्न सालचं बंड सांगितलं. अमेरिकेतल्या लोकांनी इंग्रजांचा चहा समुद्रात फेकला ते सांगितलं. तेव्हा भाऊजी धावेच्या टोकावरून ओरडले, "फेकला कायले? पिऊन घ्याचा होता नं!" शेजारच्या मळ्यातला नामा तेव्हापासून मला चहावाला मास्तर म्हणायचा. पण भाऊजींना सगळ्यांत आवडली ती पॅरिसची गोष्ट. राजाचा तुरुंग, बास्तिल, आणि तो फोडणारी साधी माणसं — सुतार, चांभार, दारू विकणारे. "पारीस आपल्या कारंज्यापेक्षा मोठं हाय का?" असं त्यांनी विचारलं होतं; कारंजा म्हणजे आमच्या जवळचं मोठं गाव. मग विचारलं, "त्या किल्ल्यात पानी कुठून येत होतं?" माळ्याचा प्रश्न. मला उत्तर येत नव्हतं, मी काहीतरी ठोकून दिलं. ते पहिलं खोटं असावं. तेवढ्यानं कुणाचं काही गेलं नाही.

पुढचं खोटं तसं नव्हतं.

मी वाचलेल्या पुस्तकात लिहिलं होतं की तुरुंगावरून गोळीबार झाला आणि चाल करून गेलेल्यांतली शंभराच्या आसपास माणसं मेली. पुढे किल्लेदार शरण आला, तर लोकांनी त्याला रस्त्यात ठार केलं आणि त्याचं डोकं भाल्यावर खोचून गावभर मिरवलं. हे मला पाठ होतं. पण मळ्यात सांगताना मी ते गाळलं. मी सांगितलं की लोक गात पुढे गेले, आणि त्यांना बघून शिपायांनी बंदुका खाली ठेवल्या. का? ऐकणाऱ्यांचे चेहरे त्या वाक्यावर असे उजळायचे की — नाही, कारण देत बसत नाही. मी तसं सांगितलं. एकदा नाही, पुष्कळदा. आजूबाजूच्या मळ्यांतले लोक ती गोष्ट ऐकायला येऊन बसायचे.

मग बेचाळीसचा श्रावण आला. पावसानं ओढ दिली होती, म्हणून मोट चालू होती. जपान्यांनी रंगून घेतलं होतं, रशियात जर्मन घुसत चालले होते. मी वर्तमानपत्र वाचून दाखवायचो आणि नामा विचारायचा, "आपल्या इकडं कधी येऊन राह्यले मंग?" तेवढ्यात मुंबईत सगळे पुढारी पकडले गेल्याची बातमी आली. आमच्या मुलखातही पोरं तारा तोडायला लागली. एका गावच्या पोलीस चौकीवर झेंडा लावायचं ठरलं. त्या गावाचं नाव मी लिहीत नाही. मळ्यापासून पायी जाण्याइतकं जवळ आहे.

तो शेलूबाजार गावच्या आठवडी बाजाराचा दिवस होता. बाई पहाटेच टोपली घेऊन बाजाराला गेली होती. तिला कुणी काही सांगितलं नव्हतं. माझ्या शाळेला सुट्टी होती; सकाळी मळ्यात सातआठ जण जमले. भाऊजी मोट हाकतच होते, अर्धे वाफे भिजायचे बाकी होते. मध्येच त्यांनी बैल थांबवले, माझ्याजवळ आले आणि विचारलं. ते शब्द मला जसेच्या तसे आठवतात.

"मास्तर, एक डाव खरं सांग. त्या पारीसच्या लोकायवर बंदुका चालल्या होत्या का नाई?"

सगळे माझ्याकडे बघत होते. इथं मला थांबता येत होतं. एवढंच म्हणायचं होतं की चालल्या होत्या, माणसं मेली होती. मी म्हणालो, "नाही चालल्या."

नामा म्हणाला, "अन् अमृतसरच्या बागेत? तुमीच त सांगतलं होतं."

तेही मीच सांगितलं होतं, आणि ते खरं सांगितलं होतं. त्याचं उत्तर द्यायला मला क्षणभरही लागला नाही, याची मला आजही भीती वाटते. मी म्हणालो, "ते लोक बसलेले होते. चालत पुढे येणाऱ्या माणसावर शिपाई गोळी घालत नाही. इतिहास बघा." इतिहास बघा! रशियात असेच हजारो लोक देवाच्या तसबिरी घेऊन, भजनं म्हणत राजवाड्याकडे गेले होते आणि बर्फात पडले होते. तेही मी वाचलं होतं. वाचलेलं सगळं माझ्या डोक्यात होतं, आणि तोंडातून हे आलं.

भाऊजींनी मान डोलावली. त्यांचा विश्वास बसला. त्यांनी बैल सोडून लिंबाखाली बांधले आणि तुतारी थारोळ्यावर ठेवली. आमच्याकडे बैल टोचायच्या आरेच्या काठीला तुतारी म्हणतात. हातात काठीसुद्धा घेतली नाही. नामा जाता जाता मला म्हणाला, "मास्तर, येऊन राह्यले का संगं, का इथं बैलाले इतिहास शिकोता?" सगळे हसले. मीही हसलो आणि त्यांच्याबरोबर निघालो.

त्या गावाच्या तोंडाशी तेल्याचा घाणा आहे. त्याची भिंत आली तेव्हा माझ्या वहाणेचा अंगठा तुटला. तुम्ही पुढे व्हा, मी आलोच, असं मी म्हणालो. अंगठा आपोआप तुटला नव्हता. चालताना वाकून मी तो हातानं तोडला होता.

आता तुम्हीच सांगा. बंदुका चालणार नाहीत असं जर मला वाटत होतं, तर मी वहाण का तोडली?

भिंतीला भगदाड होतं, त्यातून चौकी दिसत होती. भाऊजी पुढे होते, झेंडा नामाकडे होता. ते गात होते. ओट्यावर हवालदार आणि दोन शिपाई उभे होते. हवालदार आमच्या ओळखीचा, आठवड्याला बाईकडून सांबार घ्यायचा आणि दर वेळी एक जुडी फुकट मागायचा. त्यानं ओरडून थांबायला सांगितलं. भाऊजी थांबले नाहीत. त्यांनी हवालदाराकडे बघून हात वर केला. बाजारात ओळखीचा माणूस दिसला की करतो तसा. मागून कुणीतरी दगड मारला. मग बार झाला.

गोळी जबड्याखाली लागली. भाऊजी लगेच पडले नाहीत. दोन्ही हातांनी गळा धरून ते फिरले — मागे, घाण्याच्या दिशेनं. बोटांमधून रक्त उसळत होतं, मोट थारोळ्यात रिकामी होते तसं, धक्क्याधक्क्यानं. तोंड उघडत होतं, मिटत होतं. माझ्याकडे बघत होते का? भगदाडातून त्यांना मी दिसणं शक्य नव्हतं. तरी हा प्रश्न मी रोज विचारतो. मग ते गुडघ्यावर आले आणि तोंडावर पडले. नामाच्या मांडीत गोळी शिरली आणि हाड बाहेर आलं. एक म्हातारा पोट धरून बसला तो बसलेलाच राहिला. लोक पळाले, काही माझ्या अंगावरून पळाले. बार होतच होते.

आणि मग ते थांबले. गोळ्या संपल्या असाव्यात. दोन शिपाई मागच्या दारानं निसटले. हवालदार एकटा ओट्यावर राहिला. त्यानं बंदूक खाली ठेवली, हात जोडले.

मी सांगितलं होतं तसंच. शिपायानं बंदूक खाली ठेवली.

पळालेले लोक परत फिरले. त्यांनी त्याला पाय धरून ओट्यावरून खाली ओढलं, तेव्हा त्याचं डोकं पायरीवर आपटलं. कुणी बैलगाडीच्या उभाऱ्या, म्हणजे कडेचे दांडे, उपसून आणल्या होत्या. पहिल्या तडाख्याला तो ओरडला. मग ओरडणं थांबलं आणि नुसता आवाज येत राहिला, ओलं कापड दगडावर आपटल्यासारखा. मारणाऱ्यांत मी ओळखत होतो ती माणसं होती, काठावर बसून माझ्या गोष्टी ऐकणारी. त्यांना पुस्तकातला हा भाग कुणी सांगितला नव्हता. मी मुद्दाम गाळला होता. तरी त्यांतल्या एकानं हवालदाराची रक्तानं भिजलेली पगडी उभारीच्या टोकावर अडकवली, उंच धरली आणि तो नाचला.

मी कपाशीतून वाकत पळालो, थेट मळ्यात.

मळा जसाच्या तसा होता. बैल लिंबाखाली रवंथ करत होते. तुतारी थारोळ्यावर होती. आणि मोट विहिरीत, पाण्यात होती.

इथं तुम्हाला एक गोष्ट कळली पाहिजे. ती कळली नाही तर पुढचं काहीच कळणार नाही. मोट चामड्याची असते. माणूस घटकाभर कुठं जाणार असेल तर ती पाण्यातच सोडून जातो, कारण उन्हात राहिली तर चामडं ताठरतं. पण दिवसाचं काम संपलं, किंवा परगावी जायचं असलं, तर मोट काढायची, निथळवायची आणि सावलीला उलटी टांगायची. नाहीतर ती पाण्यात कुजते. मळ्यातल्या लहान पोरालाही हे कळतं. पाण्यातली मोट म्हणजे माणूस आत्ता येतो आहे.

मी मोट ओढून काढली. नाडा, म्हणजे मोटेचा दोर, गुंडाळला. मोट लिंबाच्या फांदीला उलटी टांगली. तुतारी खोपटात नेऊन ठेवली. का केलं? चामडं कुजेल म्हणून, असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगितलं. हातांना काहीतरी काम हवं होतं, असंही सांगितलं. पण ती पाण्यात सोडलेली मोट माझ्याकडे बघत होती — आणि ती बघत राहावी असं मला वाटत नव्हतं. मला वाटतं, खरं हे आहे.

दुपार कलल्यावर बाई बाजारातून आली. रिकामी टोपली डोक्यावर. बाजारातच तिला कुणीतरी चौकीचं सांगितलं होतं, कोण मेलं ते मात्र सांगितलं नव्हतं. आधी तिनं विहिरीकडे बघितलं, मग लिंबाकडे. उलट्या मोटेतून अजून पाणी ठिबकत होतं. मग टोपली खाली ठेवून म्हणाली, "मोट काडून गेले."

मी तिची टोपली उचलून खोपटात ठेवली.

गाडी आली ती नंतर, कांबळ्याखाली भाऊजींना घेऊन. पण ती विधवा झाली ती त्या मोटेकडे बघताना. जाणाऱ्याला माहीत होतं, हे तिला तिथं कळलं. म्हणजे, तिला तसं वाटलं, आणि मी ते तसंच राहू दिलं.

पुढे पलटणीतले शिपाई आले. घराघरांतून माणसं ओढून काढली, चावडीपुढे उघडी करून झोडपली. नामाचा पाय कापला, तो तुरुंगातच मेला. माझ्या दारात आले तेव्हा बाई उंबऱ्यात उभी राहिली आणि म्हणाली, "हा मळ्यातच होता. म्या आपल्या डोयानं पाह्यलं." मला कुणी बोट लावलं नाही.

बाईनं मळा सोडला नाही. मोट ती स्वतः हाकायला लागली, बायका हाकत नाहीत तरी. कधी मी काठावर जाऊन बसलो तर म्हणायची, "गोष्ट नोको सांगू." भाऊजींना ती जन्मभर मानानं 'त्यायले' म्हणत आली होती, ती आता एकेरी 'त्याले' म्हणायला लागली. एकदा वांगी तोडताना, मी काही विचारलं नसताना, म्हणाली, "मरालेच जायचं होतं त मले सांगून जायचं होतं त्यानं. म्या काय पाय धरले असते? मोट सुकाले टांगून गेला. चामड्याची फिकर होती त्याले, बापू. माही नोती."

मी तिच्यापासून हातभर अंतरावर होतो. माझ्याही हातात वांगी होती. एक वाक्य पुरलं असतं. मोट मी टांगली, बाई. मग दुसरं वाक्य सांगावं लागलं असतं, की मरायला गेलेच नव्हते ते. गोळी चालणार नाही असं मी सांगितलं होतं म्हणून गेले. मग तिसरं, घाण्याच्या भिंतीचं. मी वांगी टोपलीत टाकली आणि पुढच्या सरीत गेलो.

स्वातंत्र्य आलं त्या दिवशी गावानं मला बोलायला उभं केलं. शिकलेला मीच होतो, आणि हुतात्म्याचा मेहुणाही मीच. लोकांनी भाऊजींची तसबीर नव्हती म्हणून त्यांचं पागोटं पाटावर ठेवून त्याला हार घातला होता. पागोटं — मला त्याच्याकडे बघवेना. मी लोकांना अमृतसर सांगितलं, सत्तावन्न सांगितलं, पॅरिस सांगितलं. आणि मग म्हणालो, "निघण्यापूर्वी संपतरावांनी मोट विहिरीतून काढली आणि उलटी टांगली. आपण परत येणार नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं."

लोक रडले. मी थांबलो तो नेमका तिथंच, जिथं मोट हाकताना फेरी तुटावी. सवयच ती. बाई बायकांमध्ये बसली होती. ती उठली, पदर सावरला, आणि कुणाकडेही न बघता मळ्याच्या वाटेनं निघून गेली. बायका म्हणाल्या, तिला दुःख सोसवेना. तिला दुःख नव्हतं झालं. तिला राग आला होता, मेलेल्या माणसाचा. आणि तो राग मी माझ्या हातानं, चार माणसांत, पक्का करून दिला होता.

त्यानंतर तिनं भाऊजींचं नाव कधी काढलं नाही. आजारी पडली, ताप उतरेना, कारंज्याच्या डॉक्टरनं हात टेकले, तेव्हाही नाही. शेवटच्या सकाळी तिला शुद्ध होती. मी पाण्याचा चमचा लावत होतो. तिनं विचारलं, "बापू, निंघताना काही म्हनला होता का तो? माह्यासाठी?"

मी म्हणालो, "नाही, बाई."

तिनं भिंतीकडे तोंड फिरवलं. मग ती माझ्याकडे वळली नाही.

ते म्हणाले होते. त्या सकाळी बैल बांधून झाल्यावर त्यांनी मोट विहिरीत सोडली, हात धोतराला पुसले आणि जाता जाता मला म्हणाले:

"तुही बाई बजारातून आली का सांगजो, भाकर घरी नोको झाकून ठेवू म्हना, मळ्यातच घेऊन ये. अर्धे वाफे राह्यले हायेत. मी आलोच."